मोमियाईचं तेल

२९ ऑक्टोबर १८९६ला मुंबईत आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हजारभर गिरणी कामगार चालून गेले. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला तो सप्टेंबरात. मग ६ ऑक्टोबरला म्युनिसिपालिटीचा हुकूम निघाला, की संशय असेल त्या माणसाला घरच्यांची मर्जी असो नसो, उचलून हॉस्पिटलात न्यायचं. पुढच्या तीन आठवड्यांत गिरणगावात एकच बोलणं होतं. हॉस्पिटलात माणसाला उलटं टांगतात आणि त्याच्या अंगातून मोमियाईचं तेल काढतात.

चालून गेलेली ही माणसं कोकणातून आणि घाटावरून आलेली. आमच्या मावळ-मुळशीतूनही त्या काळी पुष्कळ जण मुंबईला जात. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी जेवणाचे डबे वाहायला. हिंजवडीच्या आमच्या घरातले दोन भाऊ तेव्हा चिंचपोकळीच्या चाळीत राहत होते. त्यांतला थोरला म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचा सासरा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आजींनी ऐंशी ओलांडली होती. डोळे गेले होते, पण ऐकलेलं सगळं जागच्या जागी होतं. दुपारी त्या ओसरीवर बसत, मी शाळेची कामं घेऊन शेजारी बसे, आणि सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं त्या सासऱ्याच्याच आवाजात सांगत.

धाकट्याला ताप भरला आणि काखेत गाठ आली. थोरल्याने कोणाला कळू दिलं नाही. चाळीच्या खोलीत घोंगडीखाली झाकून ठेवलं, तपासायला आले तेव्हा वळकटीमागे दडवलं. तिसऱ्या रात्री धाकटा गेला. त्याला चौघांनी अंधारात कुठे नेलं हे थोरल्याने मरेपर्यंत घरात सांगितलं नाही. मग तो पायी निघाला. रेल्वेत बसला नाही, कारण स्टेशनांवर काखा-जांघा तपासत आणि संशयिताला उतरवून घेत. पनवेल, बोरघाट, कार्ला, सोमाटणे करत तो गावाच्या वेशीवर पोचला.

मी एकदा आजींना विचारलं, "ते तेल काढताना कोणी पाहिलं होतं का?"

"पाह्यलं कुनीच न्हाय," आजी म्हणाल्या. "पर ज्याला न्हेला त्यो माघारी आला, ह्येबी कुनी पाह्यलं न्हाय."

या उत्तरावर मी पुढे खूप विचार केला. प्लेगच्या हॉस्पिटलात गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं खरोखरच मरत होती. औषध नव्हतंच. जात, पंगत, शिवाशिव, बाईची अब्रू यांतलं काहीही न विचारता शिपाई माणूस उचलत होते. चाळीच्या डोळ्यांना दिसत होतं ते एवढंच: धडधाकट शेजारी डोलीत घातला आणि परत आला नाही. मधल्या जागेत काय झालं असेल ते लोकांनी आपल्या समजुतीने भरून काढलं. मोमियाईची गोष्ट खोटी होती, आणि ती गोष्ट मानणारा आजींचा सासरा मूर्ख नव्हता. माझ्या मते ही दोन्ही वाक्यं एकत्र धरल्याशिवाय त्या काळाविषयी बोलूच नये.

१८९१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी मुंबई गावाकडे पळाली. तिच्याबरोबर रोग गेला आणि गोष्टीही गेल्या. आमच्या गावाने थोरल्याला आत घेतलं नाही. म्हातोबाच्या देवळापलीकडे शेतात खोपट घालून दिलं. घरची बाई लांबवर दगडावर भाकरी ठेवून माघारी फिरायची, आणि तो तिथूनच ओरडून मुंबईचं सांगायचा. प्लेग गावात शिरण्याआधी मोमियाई शिरली ती अशी.

पुण्यात तर भीतीला भक्कम कारणं मिळाली. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगाचा कायदा झाला. मार्चपासून मे महिन्यापर्यंत रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या घेतल्या, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं, सामान जाळलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. हे पाठ्यपुस्तकात आहे, मीच किती वर्षं शिकवलं. पण त्याच वसंतात शहराबाहेर, ससाणे मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालला होता आणि त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांचं आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. ते पोर वाचलं आणि १० मार्च १८९७ला सावित्रीबाई प्लेगने गेल्या. त्या दवाखान्यात तेल काढतात असं कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. तिथे न्यायला येणारी बाई ओळखीची होती आणि ती तुमच्या पोराला स्वतःच्या पाठीवर घेत होती.

पुढे प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. आजी लहानपणी माहेरी माळावरच्या खोपटात राहिलेल्या होत्या. घरात उंदीर पडायला लागले की गावाने घरं सोडायची, मारुंजीच्या अंगाला माळावर खोपटी घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिकडेच राहायचं, ही रीत कोणा साहेबाने शिकवलेली नव्हती. उंदराच्या पिसवांतून प्लेग माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये मांडलं तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. ते शास्त्राने मान्य करायला आणखी दहाएक वर्षं गेली. तोवर सरकार घरांना चुना फासत होतं, कार्बोलिक शिंपडत होतं आणि आमचे अडाणी म्हणवले जाणारे लोक उंदीर पाहून बाहेर पडत होते. ज्या तोंडांनी मोमियाई सांगितली त्याच तोंडांनी उंदराचंही सांगितलं. एकाच वाटेने खोटंही येत होतं आणि जीव वाचवणारं खरंही.

आजींची स्वतःची आठवण मानमोडीची. १९१८चा इन्फ्लुएंझा. नवरात्रात घराघरात माणसं आडवी झाली आणि पाणी द्यायला उभं राहिलेलं कोणी उरलं नाही. देशात त्या साथीत एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्याबद्दल त्या फार बोलत नसत. माहेरची तीन माणसं एका आठवड्यात गेली, एवढंच.

आता माझ्या काळाकडे येते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला इथली जमीन आयटी पार्कसाठी गेली. ऊस-भाताच्या जागी काचेच्या इमारती आल्या. आमच्यासारख्यांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या. मुळशीतून मुंबईला जाणारी माणसं थांबली आणि झारखंड, बिहार, बंगाल, ओडिशा, मराठवाड्यातून माणसं हिंजवडीला यायला लागली. कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी सिक्युरिटी, कोणी हाउसकीपिंगला. त्याहून गरीब ते बिल्डरच्या लेबर कॅम्पात, पत्र्याच्या शेडमध्ये. माळावरची खोपटी जिथे होती असं घरात सांगतात, त्याच बाजूला आज असे कॅम्प आहेत.

९ मार्च २०२०ला महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण पुण्यात सापडले. काही दिवसांत राज्यात १८९७चाच तो साथरोगाचा कायदा लागू झाला. २५ तारखेपासून टाळेबंदी. आसपासच्या गावांनी दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते अडवले. चैत्री पुनवेला म्हातोबाची जत्रा नाही, बगाड नाही. आमच्या खोल्यांत तेव्हा पलामूकडचा एक मिस्त्री, त्याची बायको आणि त्याच्या गावची काही पोरं राहत होती. काम बंद, ठेकेदाराचा फोन बंद. दिवसभर अंगणात मोबाइल वाजायचे.

त्यांच्या गावाचा एक व्हॉट्सॅप ग्रुप होता. कोणी सुरतेत, कोणी लुधियान्यात, कोणी हैदराबादेत, कोणी हिंजवडीत. लिहिणारे थोडे, बोलून पाठवणारे जास्त. मिस्त्रीची बायको मला ते आवाज ऐकवायची. टाळेबंदी तीन महिने चालणार आहे. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, बाहेर थांबू नका. गरम पाणी, लिंबू आणि हळदीने विषाणू घशातच मरतो. कोंबडी खाल्ली की होतो. कोंबडीची ही अफवा तर फेब्रुवारीतच पसरली होती आणि तिने महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांना मातीमोल भावाने पक्षी विकायला लावले होते.

३१ मार्चला केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की मजुरांचे लोंढे रस्त्यावर आले ते टाळेबंदी तीन महिने चालेल या खोट्या बातमीमुळे. न्यायालयानेही ते आदेशात नोंदवलं. मला ते वाचून वाईट वाटलं. खोटी बातमी होती, मान्य. पण चार तासांच्या मुदतीत देश बंद केला होता, मजुरी थांबली होती, आणि टाळेबंदी वाढवत वाढवत ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस चालली. खोलीत बसलेल्या माणसाचा अंदाज फारसा चुकला नव्हता. मिस्त्री मला म्हणाला होता, "आंटी, सरकार बोला इक्कीस दिन. ग्रुप बोला तीन महीना. घर में आटा पाँच दिन का है. दोनों में से कोई भी सच हो, हम तो मरे." हे त्याने हिशेब मांडून सांगितलं, घाबरून नाही.

१४ एप्रिलला वांद्रे स्टेशनाबाहेर हजारो मजूर जमले. गाड्या सुटणार अशी बातमी फिरली होती, आणि त्यांच्यावर लाठ्या पडल्या. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला सोळा मजूर रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडले. जालन्याहून भुसावळला ते चालत निघाले होते, तिथून मध्य प्रदेशाची गाडी मिळेल म्हणून. टाळेबंदीत रेल्वे बंद आहे असं समजून ते रुळांवर टेकले. कोणती गाडी चालते, कोणती नाही, कुठे नाव नोंदवायचं, वैद्यकीय दाखला कोण देणार, हे कुठल्याच भाषेत कोणी त्यांच्याजवळ येऊन नीट सांगितलं नव्हतं. ही सोळा माणसं मी अफवेच्या खाती टाकायला तयार नाही.

आणि त्याच ग्रुपवर खऱ्या गोष्टीही येत होत्या. भूमकर चौकात कोण जेवणाची पाकिटं वाटतं, कुठल्या दुकानात आधार कार्डाशिवाय शिधा मिळतो, श्रमिक गाडीसाठी पोलीस ठाण्यात कोणता फॉर्म भरायचा, कुठल्या नाक्यावर मारतात. त्यामुळे "ते ग्रुप बघू नका" हा शहाण्या माणसांचा सल्ला मला पटत नव्हता. एप्रिलात व्हॉट्सॅपने वारंवार पुढे ढकललेला निरोप एका वेळी एकाच जागी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरंच झालं. पण आवाजातला निरोप ऐकणारा माणूस तो फोन लावूनही सांगतो, अंगणात उभं राहूनही सांगतो.

अफवा फक्त पत्र्याच्या शेडमध्ये होत्या असंही कोणी समजू नये. समोरच्या उंच सोसायट्यांचे निरोप मला नातेवाइकांकडून येत. कापूर आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, घरकामाच्या बायका रोग आणतात. आर्सेनिकम अल्बमच्या गोळ्या तर प्रतिबंधक म्हणून केंद्राच्या आयुष मंत्रालयानेच जानेवारीत सुचवल्या होत्या, आणि त्याला पुरावा नव्हता. शिकलेल्या माणसाची अफवा सल्ला म्हणून फिरते आणि मजुराची अज्ञान म्हणून. हा भेद मला सहन होत नाही.

सगळ्यांत घट्ट बसली ती एक अफवा. कोविड सेंटरात दाखल केलं की प्रत्येक रुग्णामागे दीड लाख रुपये मिळतात, म्हणून साधा ताप असला तरी पॉझिटिव्ह दाखवतात आणि आत किडनी काढून घेतात. ही सुरत-लुधियान्याच्या आवाजात आली, तशीच मराठीतही आली, माझ्या माहेरच्या ग्रुपवरही. जूनमध्ये विप्रोने हिंजवडीतल्या आपल्या इमारतीत ४५० खाटांचं कोविड रुग्णालय करून सरकारला दिलं. असल्या इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या त्या माणसांना रुग्णालय म्हटलं की पाय मागे ओढावेसे वाटत होते. आमच्या खोलीतल्या एका पोराला ताप आला. बाकीच्यांनी दोन दिवस मला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा मी दाराशी गेले, आणि चादरीखाली झाकलेलं ते पोर पाहून मला चिंचपोकळीची घोंगडी आठवली.

मी त्यांना रागावले नाही. त्यांना दिसत होतं ते मलाही दिसत होतं. रुग्णवाहिकेत गेलेल्या माणसाबरोबर कोणाला जाऊ देत नव्हते. मेला तर प्लास्टिकमध्ये बांधून परस्पर जाळत होते, तोंड दाखवत नव्हते. संसर्गासाठी ते करणं तेव्हा योग्य वाटलं असेल. पण पलामूतल्या आईला काय सांगायचं? मी गावातल्या आशा कार्यकर्तीला, आशाताईंना, फोन केला. त्या आल्या, दाराबाहेर बसल्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि आकडा पोराच्या भावालाच वाचायला लावला. रोज दोनदा तो आकडा त्यांच्या ग्रुपवर जायला लागला. पोर खोलीतच बरं झालं.

२०२१ला लस आली तेव्हा मधल्या काळात गावी गेलेली हीच माणसं परत आलेली होती. लस निघत होती ती आपल्याच पुण्यात, हडपसरच्या सीरममध्ये. इथे नोंदणीला स्मार्टफोन, ओटीपी आणि इंग्रजी लागत होतं. पहाटे स्लॉट उघडायचा आणि आयटीतली पोरं दोन मिनिटांत तो भरून टाकायची. आणि ग्रुपवर निरोप: लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, मूल होत नाही, मर्दानगी जाते.

मी जुन्या इतिहासात डोकावले. वाल्देमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस काढून १० जानेवारी १८९७ला पहिली स्वतःला टोचून घेतली. ती पंजाबात पोचली तेव्हा तिथेही हेच बोललं जात होतं: सुई हातभर लांब असते, पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाई वांझ होते. मग ३० ऑक्टोबर १९०२ला मुलकोवाल गावात खरोखरच एका बाटलीतून १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला आणि तो निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. अशी एक खरी घटना शंभर खोट्यांना वर्षानुवर्षं जगवते. म्हणून "लसीने काहीच होत नाही" असं मी कोणाला सांगितलं नाही. ताप येतो, अंग दुखतं, हेच सांगितलं.

एका रविवारी अंगणात मी त्यांना मोमियाईची गोष्ट सांगितली. आमच्याच घरातली, आमच्याच माणसाने भावाला कसं झाकून ठेवलं ती. मिस्त्रीची बायको ऐकता ऐकता मध्येच म्हणाली, "हमारे यहाँ मुड़कटवा बोलते थे." तिच्या आजीच्या काळी नदीवर पूल किंवा धरण बांधायला घेतलं की गावात बोंब उठायची. पायात माणसाचं मुंडकं पुरल्याशिवाय बांधकाम टिकत नाही, म्हणून ठेकेदाराची माणसं रात्री मुंडकी कापायला फिरतात. पोरांना संध्याकाळनंतर बाहेर सोडत नसत. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, तो स्वतः पुलावर कामाला होता. तिथे माणसं खरंच मेली होती, पडून. त्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत.

त्या दिवशी लसीचं बोलणं पुढे सरकलं, कारण खरी अडचण कोणीतरी बोलून दाखवली. लस घेतली की दोन दिवस ताप, ताप आला की दोन दिवस खाडा, खाडा झाला की मुकादम दुसरा माणूस लावतो. मर्दानगीच्या अफवेआड हे दडलेलं होतं. आम्ही तिघी-चौघी बायका मुकादमाकडे गेलो. वाद घालावा लागला, पण एक दिवसाची हजेरी लावायला तो कबूल झाला आणि पहिली लस त्याने स्वतः घेतली. मे महिन्याच्या अखेरीस नोंदणीशिवाय लस द्यायला परवानगी मिळाल्यावर माणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान लहान टोळ्या करून सगळे गेले. मिस्त्रीच्या बायकोने दंड दाखवत आपल्या बोलीत निरोप रेकॉर्ड केला: ताप आला, एक रात्र अंग मोडलं, सकाळी भात रांधला. तो निरोप सुरतेत गेला, लुधियान्यात गेला, गावात सासूपर्यंत गेला. सासूने उलट विचारलं, सुई किती लांब होती? तिने बोटाचं पेर दाखवलेला फोटो पाठवला.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं जात होतं आणि पुन्हा कोंबडीवर संशय आला. मिस्त्रीच्या बायकोने तेव्हा मला विचारलं नाही. तिने थेट आशाताईंना फोन केला, पाणी उकळायचं आणि मांस नीट शिजवायचं एवढं विचारून घेतलं, आणि ग्रुपवर टाकलं.